सायकॉलॉजीत पीएचडी झालीय, दारूच्या व्यसनावर अ‍ॅप वगैरेंच्या मदतीने उपचार या विषयात पोस्टडॉक करावं का? रोजचं काम काय असतं?

करा, पण अ‍ॅप बनवायला मिळेल म्हणून जात असाल तर जरा थांबा. मी याच विषयात पोस्टडॉक केलंय आणि त्यात अ‍ॅपवर फार थोडा वेळ गेला, बाकी सगळा गेला तो माणूस मधेच गप्प का झाला हे शोधण्यात.

म्हणजे बघा, उपचार घेऊन घरी गेलेल्या माणसाला फोनवर दिवसातून काही वेळा छोटे प्रश्न जातात, आत्ता प्यावंसं वाटतंय का, सोबत कोण आहे, झोप झाली का. दिवस बरे चालले असले की उत्तरं पटापट येतात आणि पिणं परत सुरू झालं की बंद. जो दिवस आपल्याला समजून घ्यायचाय नेमका तोच डेटातून गायब. ती रिकामी जागा सरासरीने भरून टाकली की कागदावर अ‍ॅप मस्त चालतं, आणि असे पेपर वाचले की मला खरंच राग येतो, कारण गळालेली माणसंच सगळ्यात जास्त त्रासात असतात. म्हणून इतर मार्गांनी पडताळावं लागतं, कॅलेंडर समोर ठेवून कुठल्या दिवशी किती प्यायलात ते आठवून लिहून घ्यायचं, किंवा पेथ नावाची रक्ताची टेस्ट, ती मागच्या दोन-चार आठवड्यांतलं पिणं दाखवते. त्यातही नुसतं विचारत राहिल्याने अ‍ॅप न मिळालेला ग्रुपही कमी प्यायला लागतो, मग फरक दाखवणं आणखी अवघड.

तरी उपयोग होतो, हे नक्की. ए-चेस नावाच्या अ‍ॅपचा २०१४ चा अभ्यास वाचा, निवासी उपचारातून बाहेर पडलेले ३४९ जण, अ‍ॅप मिळालेल्यांचे महिन्यातले जास्त पिण्याचे दिवस सरासरी १.३९, बाकीच्यांचे २.७५. २०१७ चा कॉक्रेन रिव्ह्यू, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला आढावा, मात्र वेगळ्या लोकांवरचा आहे, जास्त पिणारे पण उपचारासाठी न आलेले, तिथे आठवड्याला साधारण २३ ग्रॅम अल्कोहोल कमी झालं. या दोन गटांची सरमिसळ करू नका, मोठमोठे लोक करतात.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो, तिथे डॉक्टरच लागतो. म्हणून लॅब निवडताना पब्लिकेशन नंतर बघा, आधी विचारा की क्लिनिक सोबत आहे का, पेशंट गळाले तर त्यांना फोन कोण करतं, आणि रात्री दोन वाजता कुणी अ‍ॅपमध्ये जगायचं नाही असं टाइप केलं तर ते कुणाच्या फोनवर येतं. शेवटच्याचं उत्तर माणसाच्या नावासकट मिळालं नाही तर तिथे जाऊ नका.