‘त्याच्यामुळे माझ्या मुलीचं नुकसान होतंय’

‘मॅडम, मी काही दुष्ट बाई नाही हो. पण त्या मुलामुळे माझ्या मुलीचं नुकसान होतंय.’ खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्या बोलून गेल्या. मुलगी तिसरीत. वर्गातला एक मुलगा मधूनच किंचाळतो, कान दाबून धरतो, दाराकडे पळतो, की तास थांबतो. मुलगी घरी येऊन रडते, सकाळी पोट दुखतं म्हणते. ‘अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात ना? मग आमच्या मुलांच्या वर्गात कशाला?’

हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो आणि बहुतेकदा असाच, आधी माफी मागून येतो. अशा वेळी समोरच्या आईला माणुसकीचे धडे द्यायचे नाहीत, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. तिचं मूल रडतंय. आधी ते ऐकायचं.

‘त्याला नेमकं झालंय तरी काय?’ असंही त्यांनी विचारलं. ते मी सांगितलं नाही. ‘तुमच्या मुलीबद्दल मी दुसऱ्या पालकांशी बोलणार नाही, तसंच हेही,’ म्हटल्यावर त्यांना ते पटलं. इथेही ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, एवढं मात्र वाचकांना कळायला हवं.

मी तीन दिवस त्या वर्गात मागच्या बाकावर बसले. वहीत तीन रकाने: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, मग काय झालं. तीन दिवसांत तो सहा वेळा किंचाळला. त्यातल्या पाच वेळा तास बदलत होता. घंटा दाराबाहेर आणि त्याचा बाक दारालगत. अनेक स्वमग्न मुलांना अचानक आलेला मोठा आवाज खरोखर सहन होत नाही आणि न सांगता झालेला बदल घाबरवून सोडतो. इथे दोन्ही एकाच क्षणी येत होतं.

पण माझी वही भरली ती दुसऱ्याच नोंदींनी. ही मुलगी त्याच्याच बाकावर बसत होती. ‘अगं, बघ जरा त्याच्याकडे,’ हे वाक्य मी तीन दिवसांत इतक्यांदा ऐकलं की मोजणं सोडून दिलं. त्याचं दप्तर ती काढायची, त्याच्या वहीत तारीख ती घालायची, तो पळाला की मागे ती धावायची. तोवर फळा पुसलेला असायचा. मधल्या सुट्टीतही ती त्याच्या आसपासच. वर्गातली सगळ्यात समजूतदार मुलगी म्हणून वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तिची निवड झाली होती आणि मग कुणी ती बदललीच नाही.

‘तुला मैत्रिणींबरोबर खेळायला आवडत नाही का?’ मी विचारलं.

‘आवडतं. पण मी खेळायला गेले आणि तो पळाला तर?’

आठ वर्षांची मुलगी. मला गलबलून आलं. आईचं म्हणणं खरं होतं, नुकसान होतच होतं. ते त्या मुलामुळे नव्हतं. आम्ही मोठ्यांनी आमचं काम तिच्या गळ्यात घातलं होतं.

वर्गाच्या बाईंशी बोलले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ‘मी एकटी काय काय बघू?’ त्यांचंही चुकत नव्हतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला. त्याचं चोविसावं कलम अशा मुलांना सर्वसाधारण शिक्षणात स्थान देतं आणि त्याच कलमात मुलाच्या गरजेनुसार सोयी आणि आधार देण्याचं बंधनही आहे. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्या भागाचं ओझं कधी एकट्या शिक्षिकेवर पडतं, कधी शेजारच्या बाकावरच्या मुलीवर.

मुख्याध्यापकांसमोर आम्ही सगळे बसलो, मुलाचे आईवडीलही. ठरलं ते साधंच होतं. बाक दारापासून लांब, भिंतीकडे. फळ्याशेजारी दिवसाच्या तासांचा चित्रांचा तक्ता, झालेल्या तासाचं चित्र उलटवायचं. तास संपायच्या पाच मिनिटं आधी बाईंनी सगळ्या वर्गालाच सांगायचं. कान झाकणारे हेडफोन त्याच्या हाताशी. तो उठून गेला तर मागे मोठ्या माणसानंच जायचं. सोबती दर आठवड्याला बदलायचा आणि त्यानं फक्त शेजारी बसायचं, सांभाळायचं नाही. शिवाय त्याच्याकडेही वर्गाचं एक काम: तक्त्यावरची चित्रं लावणं. नेहमी मदत घेणाऱ्याशी मुलांची मैत्री जमत नाही, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी थेट विचारलं, ‘पण अभ्यास? मागे पडणार नाही ना ती?’ मँचेस्टर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्याबद्दल मी त्यांना सांगितलं. त्यांनी २६ अभ्यास तपासले होते. विशेष गरजा असलेली मुलं वर्गात असल्यानं इतरांवर काय परिणाम होतो, याचे बहुतेक निष्कर्ष ‘काही फरक नाही’ किंवा ‘चांगला’ असे होते. थोडे प्रतिकूलही होते, तेही मी लपवलं नाही. वर्गाला आधार मिळतो की नाही यावर बरंच ठरतं, हा माझा अनुभव. आधार मिळत नसेल तर तक्रार जरूर करा, पण ती शाळेकडे, मुलाविरुद्ध नाही, एवढं मी त्यांना सांगितलं.

पोटदुखी तीनेक आठवड्यांत थांबली. किंचाळणं कमी झालं, बंद नाही झालं. स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी एक दिवस वर्गाला मधूनच उठवलं, तेव्हा तो जमिनीवर बसून मोठमोठ्यानं ओरडू लागला. मी धावत पोचले. ही मुलगी आपल्या जागेवरच, मैत्रिणीशेजारी उभी होती. मला पाहून तिनं फळ्याकडे बोट केलं.

‘मॅडम, आज तक्त्यावर तालमीचं चित्रच नव्हतं.’