पाचशेचं पेट्रोल

‘मॅडम, गाडी विकून टाकावी का?’ हा प्रश्न खरं तर जुन्या गाड्यांच्या एजंटला विचारायचा. पण गेली दोन-तीन वर्षं तो समुपदेशनाला आल्यावर माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून विचारला जातो. बहुतेक वेळा जोडीने, आणि विचारताना दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. मागची यादीही ठरलेली असते: पेट्रोल शंभरच्या पुढे गेलं ते गेलंच, जूनमध्ये शाळेची फी, विम्याचा मेसेज, आणि वीस तारखेनंतर क्रेडिट कार्ड. म्हणून पुण्यातल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत.

तो कोथरूडहून खराडीला ऑफिसला जातो, गाडीने. जाऊन-येऊन ३६ किलोमीटर. तीही नोकरी करते. एक मुलगी, फ्लॅटचा हप्ता, आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेली बाराशे सीसीची पेट्रोल गाडी. दोघंही कराडकडचे. पहिल्या भेटीतलं भांडण पेट्रोलच्या भावावरून होतं.

‘हे रोज संध्याकाळी भाव वाचून दाखवतात,’ ती म्हणाली. ‘आणि मी काही आणलं की म्हणतात, एवढ्यात किती लिटर आलं असतं.’

‘मग काय करू? भाव मी वाढवलेत का?’

असं भांडण सुरू झालं की कुणाचं बरोबर ते मी ठरवत नाही. साधं, कोरडं काहीतरी विचारते. विचारलं, ‘टाकीत किती मावतं?’

‘३७ लिटर.’

‘शेवटची फुल कधी केली होती?’

तो गप्प झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘घेतली तेव्हा.’

‘मग आता कसं टाकता?’

‘पाचशेचं. दर दोन दिवसांनी.’

‘पंपावर रांग असते. महिन्यातून सोळा-सतरा वेळा थांबायचं, कंटाळा नाही येत?’

‘येतो. पण पाचशे दिले की काही वाटत नाही. फुल करायची म्हणजे अडतीसशे. मीटर पळायला लागला की पोटात गोळा येतो.’

ती हसली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, ‘माझंही तसंच आहे हो. मी वाण्याची यादी करणंच सोडलंय. संपेल तसं ॲपवरून मागवते. दोनशे, तीनशे. महिन्याचं सामान एकदम आणलं की बिल बघवत नाही.’

त्या भेटीत पुढे फारसं काही झालं नाही, पण माझ्या मते काम तिथेच झालं. दोघं दुसऱ्याला उधळ्या समजत होते. प्रत्यक्षात दोघंही एकच गोष्ट करत होते: मोठा आकडा दिसू नये म्हणून त्याचे तुकडे. त्यांनाच काय, मलाही सुरुवातीची बरीच वर्षं वाटायचं की माणूस खर्चाच्या आकड्याला घाबरतो. आता मत वेगळं आहे. माणूस बेरजेला घाबरतो, म्हणून ती करत नाही, आणि न केलेली बेरीज रात्री अंथरुणात करत बसतो. तिथे ती नेहमी मोठीच येते.

अशा वेळी ‘चिंता करू नका’ म्हणण्यात अर्थ नसतो. मन शांत झाल्यावर हिशेब करू, या म्हणण्यावर माझा विश्वास नाही. आधी हाताला काम द्यावं, मन आपसूक मागून येतं. म्हणून त्याला घरचा अभ्यास दिला: टाकी फुल करायची.

पंप एकच ठरवायचा. नोझल आपोआप पहिल्यांदा बंद होतं तिथेच थांबायचं, ‘राउंड फिगर’साठी वर टाकू द्यायचं नाही. जास्तीचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये गेलं तर ते खराब होतं आणि हिशेबही चुकतो. किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचा. टाकी पाव उरली की पुन्हा त्याच पंपावर तसंच फुल. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळचे लिटर, हे तुमचं ॲव्हरेज. असं तीनदा. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका, तो बऱ्याच गाड्यांत थोडा जास्तच दाखवतो.

तिसऱ्या भेटीला वही आली. ॲव्हरेज साडेबारा. महिन्याला हजार किलोमीटर, म्हणजे ८० लिटर. भाव १०४ धरला तर ८,३२० रुपये. मी म्हटलं, ‘आता सांगा, लिटरमागे पाच रुपये वाढले तर महिन्याला किती?’

त्याने मनातच केलं. ‘चारशे.’ पुन्हा केलं. ‘चारशेच?’

सहा महिने घरात ज्यावरून अबोला होता ती रक्कम ही. तो कागदाकडे बघत राहिला. मीही घाई केली नाही. असा क्षण आपल्या बोलण्याने भरायचा नसतो, एवढं या खुर्चीत बसून शिकले आहे.

मग दोघांनी मिळून बाकीचं लिहिलं. गाडीचं कर्ज सात लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं: हप्ता ११,४४०. विमा वर्षाला १५,६००, म्हणजे महिन्याला १,३००. सर्व्हिसिंगचे ७००. टायर ४५ हजार किलोमीटर चालले आणि चारांचे अठरा हजार धरले तर महिन्याचे ४००. बॅटरीचे १००. गाडी पुसणाऱ्याचे ६००, सोसायटीत पार्किंग ३००, टोलचे सरासरी ५००. पेट्रोलसकट एकूण २३,६६०. किलोमीटरला जवळपास २४ रुपये, त्यात पेट्रोलचे फक्त सव्वाआठ. आणि हप्ता, विमा, बॅटरी, पुसणं, पार्किंग मिळून १३,७४० रुपये गाडी जागची हलली नाही तरी जातात.

‘म्हणजे विकावीच,’ तो म्हणाला. त्याचाही हिशेब केला. तीन वर्षांत ४ लाख १२ हजार भरले होते, पण मुद्दल उतरलं होतं सुमारे २ लाख ४५ हजार. बाकी ४ लाख ५५ हजार. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त असतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी धरत नाही. गाडीला पावणेपाच मिळाले असते तर हातात वीस हजार. मुदतीआधी कर्ज फेडण्याचा आकार वेगळा, तो कर्जाच्या पत्रात लिहिलेला असतो. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ शिवाय आरसीवरचा, म्हणजे नोंदणीपत्रावरचा, कर्जाचा बोजा उतरत नाही, तो व्याप वेगळा. हप्ता मात्र सुटला असता. विकणं चूक नव्हतंच. पण ठरवायच्या आधी विचारलं, ‘विकली तर सगळ्यात अवघड काय जाईल?’

‘वडील एसटीत कंडक्टर होते,’ तो म्हणाला. ‘आमच्या घरातली ही पहिली गाडी. जत्रेला ती दारात लागली नाही तर...’

वाक्य त्याने सोडून दिलं. ते तिने उचललं. ‘गाडी नको असं मी कधी म्हटलंच नाही. मला आकडा हवा होता. तुम्ही भाव सांगायचात.’

गाडी राहिली. वापर बदलला. आठवड्यातले तीन दिवस तो मेट्रोने जायला लागला, वनाझ ते रामवाडी, पुढे शेअर रिक्षा. महिन्याचे तेरा दिवस, ४६८ किलोमीटर, ३७ लिटर पेट्रोल कमी. मेट्रो-रिक्षाचा रोजचा खर्च ११० धरून निव्वळ शिल्लक अडीच हजारांच्या आसपास. पहिल्या आठवड्यात त्याला ‘मागे गेल्यासारखं’ वाटलं. मी म्हटलं वाटू दे, तरी जा. तिसऱ्या आठवड्यात तो या विषयावर बोलायचा राहिला.

दुसरी गळती शनिवार-रविवारच्या नृत्याच्या क्लासची. मुलगी आत, हा बाहेर गाडीत एसी लावून तासभर. एसी चालू ठेवून उभी असलेली छोटी पेट्रोल गाडी तासाला लिटरभर पिऊ शकते. महिन्याचे आठ तास, म्हणजे आठशे रुपये. आता तो बाकावर बसतो.

टायरमध्ये हवा निघाली २४, ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली ३३. हवा गाडी थंड असताना भरायची, पंधरा दिवसांनी, आणि स्टेपनी विसरायची नाही. हवा कमी असली की पेट्रोल जास्त लागतं, शिवाय टायरच्या कडा आधी झिजतात, मग ४५ हजारांऐवजी तीसमध्येच बदलायची वेळ येते. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलमुळे ॲव्हरेज घटलं अशी तक्रार मी बऱ्याच पुरुषांकडून ऐकते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे थोडा फरक पडणारच. पण तो आपल्या हातात नाही, हवा भरणं आहे.

सर्व्हिसिंगला गाडी सोडताना जॉबकार्डवर सही करण्याआधी मॅन्युअलमधलं वेळापत्रक उघडायचं. तेल, ऑइल फिल्टर, ठरलेल्या किलोमीटरला एअर फिल्टर, ब्रेकची तपासणी हे हवंच. इंजिन फ्लश, एसीचा फवारा, कोटिंग यांना ‘मॅन्युअलमध्ये कुठे आहे?’ एवढंच विचारायचं. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो, तो घरी दहा मिनिटांत बदलता येतो.

विम्याचं एक सांगायलाच हवं, कारण इथे घाबरलेली माणसं उलटं वागतात. बंपर घासला, रंगाचं बिल ३,५००. क्लेम केला तर आपण सक्तीने सोसायचे हजार वजा जाऊन २,५०० मिळणार. पण तीन वर्षं क्लेम नसल्याने त्यांची नो क्लेम बोनसची सूट ३५ टक्के होती. यंदाही क्लेम नसता तर ती ४५ झाली असती. क्लेम केला की शून्य. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता ११,००० धरला तर पुढच्या वर्षी ४,९५० जास्त जाणार. खिशातून रंगवणं स्वस्त. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की साठवलेली सूटही जाते, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर हवी. कराडच्या फेऱ्यांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास (२०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा तीन हजारांचा) घ्यायचा का, हेही त्यांनी विचारलं. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे: जाऊन-येऊन सहा नाके. वर्षात आठ वेळा गेले तर ४८ वेळा नाका, तीन हजार धरले तर दर वेळी साडेबासष्ट रुपये. टोल त्याहून जास्त पडत असेल तरच घ्या. मुंबईच्या द्रुतगती मार्गावर तो चालत नाही.

पण घराला खरा दम लागत होता तो ‘अचानक’ येणाऱ्या खर्चांनी. मी यादी करायला लावली: शाळा ६०,०००, गाडीचा विमा १५,६००, आयुर्विमा २४,०००, दिवाळी १८,०००, सर्व्हिसिंग ८,४००, टायर-बॅटरी ६,०००. बेरीज १,३२,०००. ‘यातलं अचानक काय आहे?’ असं विचारल्यावर दोघंही हसले. भागिले बारा, महिन्याला अकरा हजार. त्यासाठी वेगळं बचत खातं, यूपीआयला न जोडलेलं, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वर्ग. आपल्या आज्या डाळीच्या डब्यात पैसे ठेवायच्या त्यामागे हेच होतं: डबा उघडायला कष्ट पडले पाहिजेत.

अकरा हजार आणायचे कुठून, हा प्रश्न रास्त. त्याआधी एक काम होतं. कार्डावर ३८,००० थकले होते आणि तो दरमहा चार हजार भरत होता. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे तेराशे तर तिथेच. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुसरीकडे ‘अडीअडचणीला’ म्हणून सात टक्क्यांची पन्नास हजारांची मुदत ठेव. ती मोडायला तिचं मन होईना. अडचण अजून वेगळी कशी दिसते, असं विचारलं तेव्हा मोडली. कार्डाचे चार हजार सुटले, मेट्रोचे अडीच, नृत्याच्या क्लासबाहेरचे आठशे. उरलेले पावणेचार हजार किराण्यातून: ॲपच्या महिन्याच्या ३१ ऑर्डर होत्या. प्रत्येकीवर डिलिव्हरी-हँडलिंगचा आकार, आणि मोफत डिलिव्हरीसाठी घेतलेलं नको असलेलं काहीतरी. आता वाण्याची यादी महिन्याला एक, भाजी आठवड्यातून दोनदा.

या खात्याचं एक दुखणं आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक तिसऱ्या महिन्यात सोडून देतात. पहिल्या वर्षी ते पुरत नाही. यांनी जानेवारीत सुरू केलं. मार्चमध्ये आयुर्विम्याचे २४,००० गेले, जूनमध्ये त्या महिन्याचे धरून ४२,००० होते आणि फी ६०,०००. शाळेला आधीच अर्ज करून दोन हप्ते घेतले, अर्धे जूनमध्ये, अर्धे ऑक्टोबरमध्ये.

शेवटच्या भेटीला ती वही घेऊन आली होती, तो थेट मेट्रोने. तिने पुढचे महिने मांडले होते. ऑक्टोबरचा हप्ता, सर्व्हिसिंग, मग नोव्हेंबरात दिवाळी आणि विमा एकत्र. ‘टायरचे पैसे धरूनसुद्धा पाच हजार कमी पडतायत,’ ती म्हणाली आणि बोट त्या ओळीवर ठेवलं.

‘बघू,’ तो म्हणाला. ‘अजून जुलै चाललाय.’