ऑथर म्हणजे स्ट्रिंग नव्हे

तुझा प्रश्न असा की लॅबच्या संदर्भ सांभाळणाऱ्या पायथन टूलमध्ये प्रत्येक पेपर साधी डिक्शनरी (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या) म्हणून ठेवला तर काय बिघडतं, क्लास (ठरलेल्या फील्डचा साचा) कशाला. अरे, शीर्षक, जर्नल, पान नंबर एवढ्यासाठी डिक्शनरी बिनधास्त चालेल, गोची होते ती ऑथरपाशी.

मी पण आधी तेच केलेलं, बिबटेकच्या (संदर्भयादी बनवणारं सॉफ्टवेअर) फाइलमधून आली तशी ऑथरची अख्खी स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर, ठेवून दिली. मग एका रिपोर्टच्या संदर्भयादीत 'ऑफ हेल्थ, एम.' आणि 'वेलफेअर, एफ.' असे दोन सद्गृहस्थ अवतरले! मूळ ऑथर होता मिनिस्ट्री ऑफ हेल्थ अँड फॅमिली वेलफेअर. बिबटेकला 'अँड' दिसला की नवीन माणूस सुरू, आणि स्मॉल लेटरमधलं 'ऑफ' त्याला जर्मन 'फॉन'सारखं आडनावाच्या आधीचं वाटतं. १९८५ सालचं सॉफ्टवेअर आहे, नियम ठरलेले आहेत, संस्थेच्या नावाला जादा महिरपी कंस मीच घातला नव्हता.

आर या प्रोग्रामिंग भाषेत हे कसं केलंय ते बघ एकदा. सायटेशन फंक्शन नुसतं चालव, जे हातात येतं तो मजकूर नसतो, बिबएंट्री नावाचा ऑब्जेक्ट असतो, आणि त्यातला ऑथर म्हणजे पर्सन ऑब्जेक्ट, गिव्हन वेगळं, फॅमिली वेगळं, रोल वेगळा. इथे ऑथर आहे आर कोअर टीम ही संस्था, म्हणून पूर्ण नाव गिव्हनमध्ये आणि फॅमिली रिकामं. टूबिबटेक फंक्शनने ते बिबटेकच्या रूपात काढलं की दुहेरी कंस आपोआप लागतो, म्हणजे कंसाची कटकट फाइल लिहितानाच, आत ऑब्जेक्टला त्याचा पत्ताही नाही. शिवाय आर्टिकल बनवताना जर्नल विसरलास तर तिथल्या तिथे एरर, सबमिशनच्या रात्री नाही. मला स्वतःला सीएसएल जेसन या संदर्भांच्या फॉरमॅटची पद्धत जास्त पटते, तिथे संस्थेसाठी लिटरल अशी वेगळी फील्डच आहे, गिव्हनमध्ये संस्था कोंबणं म्हणजे शेवटी जुगाडच.

आर्टिकल, बुक, थीसिस असे डझनभर सबक्लास मात्र काढू नकोस, टाइप ही एक फील्ड पुरते. दोन रेकॉर्ड एकच आहेत का हे सायटेशन कीवरून (संदर्भाला दिलेलं छोटं नाव) कधीच ठरवू नकोस, एकाच पेपरला प्रत्येक जण वेगळी की देतो. डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) बघ, पण सुरुवातीचा यूआरएल काढून आणि सगळं स्मॉल करून, कारण डीओआयमध्ये कॅपिटल-स्मॉलचा फरक धरत नाहीत.

आणि मराठी पुस्तकं टाकणार असशील तर वडिलांचं नाव गिव्हनमध्येच जाऊ दे. इनिशिअल कोडने काढताना सांभाळ, पायथनला 'ज्ञानेश्वर'चं पहिलं अक्षर मागितलंस तर नुसता 'ज' हातात ठेवतो, आपण लिहितो 'ज्ञा.'. मी पर्सनमध्ये इनिशिअलची एक ऐच्छिक फील्ड ठेवलीय, भरलेली असेल तर तीच छापायची.