बॅटरी फुगली, आता काय करायचं?

मार्च उलटला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर पाठ उघडलेले फोन यायला लागतात. या वेळी तुमच्या प्रश्नांतही तोच विषय जास्त आहे, म्हणून बाकीचं पुढच्या वेळी घेऊ.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. फोनचं मागचं झाकण एका कडेनं उचललंय, स्क्रीनही मधोमध वर आलीय. पण फोन चालतो नीट. पगार होईपर्यंत वापरला तर चालेल का?

नाही दादा, आजच बंद करा. तव्यावरची भाकरी वाफेनं फुगते आणि खाली उतरवली की बसते. बॅटरीचं तसं होत नाही. तिच्या आत धन आणि ऋण बाजूंचे पातळ पत्रे असतात, त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा त्याहून पातळ पडदा, आणि हे सगळं पेट घेणाऱ्या द्रवात भिजलेलं असतं. बाहेरून सीलबंद पिशवी. उष्णतेनं, जास्त चार्जिंगनं किंवा नुसत्या वयानं त्या द्रवाचं विघटन होतं आणि कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू तयार होतात. त्यांना बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पिशवी टम्म होते. ती पुन्हा पूर्वीसारखी कधीच होत नाही.

फोन चालतोय याचा अर्थ एवढाच, की आतला पडदा अजून शाबूत आहे. झाकण दाबून बसवायला गेलात आणि तो फाटला, तर दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात आणि काही क्षणांत आग लागू शकते. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ परत मागवावा लागला, त्यात एका पुरवठादाराच्या बॅटरीचा वरचा कोपरा आत दबलेला निघाला होता. कोपरा दबणं एवढं महागात पडतं. तुम्ही तर दिवसभर सुताच्या ढिगाजवळ उभे असता.

चार्जर काढा, फोन स्विच ऑफ करा, फरशीवर कागद-कापडापासून लांब ठेवा. दुकानात नेताना खिशात नको, पत्र्याच्या डब्यात न्या. फुसफुस ऐकू आली, गोडसर उग्र वास आला किंवा धूर दिसला, तर हात लावू नका. माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. जुनी बॅटरी घंटागाडीतही टाकू नका, गाडीत ती चेंगरते. नवी बसवणाऱ्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

आमच्याकडचा एक जण म्हणतो, सुईनं टोचून हवा काढतो, बॅटरी पुन्हा चालेल. करून घेऊ का?

मुळीच नको. सुई त्याच पडद्यातून आरपार जाते. शिवाय आतला द्रव दमट हवेत आला की घातक आम्ल तयार होतं. असं करणाऱ्याच्या हातात फोनच देऊ नका. नवी बॅटरी घेताना तिच्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि आयएस १६०४६ हा क्रमांक आहे का, तेवढं बघा.

निवृत्त शिक्षिका आहे. रात्री फोन उशाशी चार्जिंगला लावून झोपते. रात्रभर लावल्यानं बॅटरी फुगते का?

बाई, आजचा फोन शंभर टक्के झाला की चार्ज घेणं स्वतःच थांबवतो, त्यामुळे रात्रभर लावणं हा एकटा गुन्हा नाही. मला काळजी वाटते ती उशीची. आपली सोलापुरी चादर जाड सुती, ऊब धरून ठेवणारी. तिच्याखाली चार्ज होणाऱ्या फोनची उष्णता जाणार कुठे? पूर्ण भरलेली बॅटरी आणि वर उष्णता, हा जोड तिला सगळ्यात लवकर म्हातारी करतो. ॲपल आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा ४० च्या वर असतो. फोन टेबलावर, उघडा, कव्हर काढून लावा. शक्यतो पहाटे लावा. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल, तर आमच्या उन्हाळ्यात ती चालू ठेवाच.

डिलिव्हरीचं काम करतो. दुपारभर फोन गाडीच्या होल्डरवर, मॅप चालू आणि चार्जिंगही चालू. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या.

ऊन, मॅप आणि चार्जिंग, तिन्ही एकाच वेळी फोन तापवतात. ऊन आणि मॅप तुमच्या हातात नाहीत, चार्जिंग आहे. ते सावलीत थांबाल तेव्हाच करा. होल्डरला कापडाची छोटी छत्री शिवून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या दोघांनी घेतलीय आणि फायदा झालाय म्हणतात. तापलेला फोन फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं.

कपाटात दोन वर्षं नुसता पडलेला फोन फुगला. वापरलाच नाही, मग कसा?

बंद फोनची बॅटरीही हळूहळू उतरते. ती अगदी तळाला गेली की आतलं तांबं विरघळू लागतं, वायूही होतो. हा फोन आता चार्जिंगला लावूच नका. घरात दुसरे जुने फोन असतील, तर साधारण अर्धे चार्ज करून ठेवा आणि चार-सहा महिन्यांनी एकदा बघा. पत्र्याच्या छपराखालचा माळा त्यांच्यासाठी नको, उन्हाळ्यात तिथली हवा भट्टीसारखी तापते.

फुगलेला फोन पुण्यात मुलाकडे कुरिअरनं पाठवू का? तो दुरुस्त करून देईल.

नको. खराब लिथियम बॅटरीला विमानात बंदी आहे, आणि रस्त्यानं गेला तरी पार्सलांच्या ढिगाखाली तो दबणारच. बॅटरी सोलापुरातच काढून घ्या, मग फोन खुशाल पाठवा.