जेलमधले सहा अंश

प्रिय,

पेसमेकर असलेल्या पेशंटचा एमआरआय आणि त्यात लीडच्या (पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेच्या) टोकाचं तापणं, हा विषय तू निवडलास याचा मनापासून आनंद झाला. या विषयातला निम्मा पुरावा शरीराऐवजी वापरलेल्या जेलच्या टाकीत मोजलेला आहे आणि निम्मा वॉर्डात. अडचण अशी की टाकीवाले वॉर्डाचे आकडे उचलतात, वॉर्डवाले टाकीचे, आणि आकडा ज्या परिस्थितीत मोजला ती परिस्थिती वाटेतच गळून पडते. एखाद्या पेपरात ‘तापमानवाढ ६ अंश’ असं दिसलं की लगेच पानाच्या कडेला लिही : कुठल्या जेलमध्ये, लीड कशी ठेवून, तापमान मोजणारा प्रोब टोकापासून किती अंतरावर, पार्श्वभूमीचा एसएआर (लीड नसताना दर किलोला जिरणारी रेडिओ-लहरींची शक्ती) किती. यातलं एक जरी सापडलं नाही तरी त्या आकड्याची तुलना दुसऱ्या पेपराशी करता येत नाही.

आधी जेल. एएसटीएम एफ२१८२ या चाचणी-मानकातली कृती साधी आहे : एक लिटर पाण्याला १.३२ ग्रॅम मीठ आणि १० ग्रॅम पॉलिअॅक्रिलिक आम्लाची पूड. क्रम मात्र पाळ. मीठ पूर्ण विरघळव आणि पूड घालायच्या आधी विद्युतवाहकता मोज. २५ अंशांना ती सुमारे ०.२६ सीमेन्स प्रति मीटर यायला हवी. इथेच ती चुकली असेल तर पुढची सगळी मेहनत फुकट. मग ढवळत ढवळत पूड घाल, तासभर थांब, आणि हँड ब्लेंडरने थांबत थांबत गुठळ्या मोड. सलग फिरवलंस तर हवा शिरते, आणि बुडबुडा नेमका टोकापाशी अडकला तर तिथलं विद्युतक्षेत्रही बदलतं आणि उष्णतेची वाटही. चोवीस तास ठेवून, अधूनमधून हलवून, पुन्हा वाहकता बघ : ०.४७च्या आसपास, दहा टक्के इकडेतिकडे. भांडं झाकून ठेव. पाणी उडालं की वाहकता चढते आणि महिन्याभरापूर्वीच्या मोजमापाशी आजचं जुळत नाही.

जेल घट्ट कशाला करायचं? नुसत्या मिठाच्या पाण्यात तापलेला थर वर सरकतो, थंड पाणी त्याची जागा घेतं आणि टोक आहे त्यापेक्षा थंड दिसतं. घट्ट जेलमध्ये हे थांबतं. पण त्यात रक्तही वाहत नाही. हृदयाच्या आत टोकाशेजारून वाहणारं रक्त उष्णता घेऊन जातं, म्हणून तेवढीच ऊर्जा जिरली तर जेलमधली वाढ सहसा जास्त निघते. यावरून ‘पेशंट सुरक्षित’ असं मात्र लिहू नकोस. लीडचा शरीरातला मार्ग टाकीतल्या मार्गापेक्षा वाईट असू शकतो.

हा मार्गच सगळ्यात जास्त दगा देतो. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीनमध्ये आरएफची, म्हणजे रेडिओ-लहरींची, वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ, ३ टेस्लाला १२८. जेलमध्ये लहर आखडते, त्यामुळे उघडी सरळ तार सगळ्यात जास्त तापते ती लांबी १.५ टेस्लाला २० ते २५ सेंटिमीटरच्या घरात येते, आणि ३ टेस्लाला साधारण तिच्या निम्मी. इन्सुलेशन चढलं की ही लांबी वाढते. त्यामुळे ‘३ टेस्ला म्हणजे जास्त धोका’ हे सरसकट विधान चुकीचं आहे. ५२ आणि ५८ सेंटिमीटरच्या दोन लीड एकाच मशीनमध्ये वेगळ्या वागतात. तीच लीड सरळ ठेव, मग तिचं वेटोळं करून ठेव, मग टाकीच्या मध्यावरून ने : तीन उत्तरं येतील. मध्यावर विद्युतक्षेत्र कमी असतं, कडेला जास्त, म्हणून एफ२१८२ मध्ये इम्प्लांट भिंतीपासून २ सेंटिमीटरवर ठेवतात. हे मानकही मुळात बॅटरी नसलेल्या, निष्क्रिय इम्प्लांटसाठी आहे. पेसमेकरच्या लीडसाठी आयएसओ/टीएस १०९७४ वाच. त्यात लीडच्या प्रत्येक भागावर पडणारं क्षेत्र आणि त्याचा फेज (लहरीचा टप्पा) दोन्ही धरतात.

आता तापमान. धातूचा थर्मोकपल (तारांचा तापमापक) चालत नाही, तो स्वतःच अँटेना होतो. फायबर-ऑप्टिक प्रोब घे आणि त्याचं संवेदन-टोक लीडच्या टोकाच्या इलेक्ट्रोडला जवळजवळ टेकव. टोकाभोवती तापमान इतकं झपाट्याने उतरतं की प्रोब एक-दोन मिलिमीटर सरकला तरी निष्कर्ष बदलतो. प्रोब बांधलेला धागा सुटला, प्रोब तिरका झाला, जेल ओतताना ढकलला गेला, हे नेहमीचं आहे. म्हणून स्कॅनच्या आधी आणि नंतर फोटो काढ, आणि प्रोब काढून पुन्हा लावून निदान तीनदा मोज.

स्क्रीनवरचा एसएआर पेपरात उतरवू नकोस. तो मशीनचा अंदाज आहे, तोही माणसासाठी केलेला. लीड काढून, त्याच जागी, तोच सीक्वेन्स (स्कॅनचा कार्यक्रम) चालवून पार्श्वभूमी मोज. जेलची विशिष्ट उष्णता किलोला ४१५० ज्यूल धर. २ वॅट प्रति किलोला पंधरा मिनिटांत वाढ होते फक्त ०.४३ अंश. प्रोब ०.१ अंशाच्या पायरीने वाचत असेल तर तुझ्या हातात उण्यापुऱ्या चार पायऱ्या. जेल आणि खोलीचं तापमान आधी एक झालं नसेल तर ही चढण खोलीच्या एसीतच बुडते.

डॉक्टरांशी बोलताना अंशांचा अर्थ नीट सांग. जेल २२ वरून २८ वर गेलं, हा आकडा बिचारा वाटतो. शरीरात तेच ३७ वरून ४३. त्यापुढे प्रत्येक अंशाला तेवढ्याच इजेसाठी लागणारा वेळ साधारण निम्मा होतो.

वॉर्डात टोकाचं तापमान मोजता येत नाही. तिथे आपण त्याच्या खुणा बघतो : कॅप्चर थ्रेशोल्ड (हृदयाला ठोका द्यायला लागणारा किमान व्होल्टेज), सेन्सिंग (हृदयाचा स्वतःचा ठोका ओळखणं), इम्पिडन्स (लीडच्या वाटेतला विद्युतरोध), बॅटरीचा व्होल्टेज. थ्रेशोल्ड ०.५ व्होल्टने वाढला की सहसा दखल घेतात. पण पेसमेकर तपासणारं यंत्र, म्हणजे प्रोग्रॅमर, ०.२५च्या पायरीने उतरत असेल तर त्या फक्त दोन पायऱ्या. आधी ०.४ मिलिसेकंदाच्या पल्सला आणि नंतर ०.५च्या पल्सला मोजलं असेल तर तुलनाच होत नाही. पल्सची रुंदी नोंदीत असलीच पाहिजे.

२०१७ साली प्रसिद्ध झालेली मॅग्नासेफ नोंदणी (अशी यंत्रं बसवलेल्या पेशंटच्या एमआरआयची) बारकाईने वाच. १.५ टेस्ला, १००० पेसमेकर आणि ५०० डिफिब्रिलेटर (शरीरात बसवलेली, गरज पडल्यास हृदयाला शॉक देणारी यंत्रं), छाती सोडून इतर भागांचे स्कॅन. मृत्यू शून्य, लीड निकामी होणं शून्य. एका डिफिब्रिलेटरचा जनरेटर (बॅटरी असलेली डबी) लगेच बदलावा लागला, त्याचं प्रोग्रॅमिंग स्कॅनआधी ठरल्याप्रमाणे झालेलं नव्हतं. काम अतिशय मोलाचं आहे. पण १५०० पैकी शून्य म्हणजे ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा ३ भागिले १५००, म्हणजे ०.२ टक्के. फक्त डिफिब्रिलेटर घेतले तर ०.६. शिवाय सोडून दिलेल्या (यंत्राला न जोडलेल्या, पण शरीरातच राहिलेल्या) लीड असलेले पेशंट त्यात घेतलेच नव्हते, आणि टाकीत अशा सुट्या लीडचं टोक बऱ्याचदा जोडलेल्या लीडपेक्षा वेगळं तापतं. तुझ्या प्रश्नाची जागा नेमकी इथे आहे.

पहिल्या आठवड्यात लीडला हात लावू नकोस. १० सेंटिमीटर लांब, ३.२ मिलिमीटर जाडीची टायटॅनियमची कांडी भिंतीपासून २ सेंटिमीटरवर ठेव, दोन्ही टोकांना प्रोब लाव, आणि दर पाच सेकंदांना किंवा त्याहून लवकर नोंद घेत पंधरा मिनिटं चालव. दोन्ही टोकं जवळजवळ सारखी तापायला हवीत. तशी तापली नाहीत तर कांडी तिरकी आहे किंवा प्रोब हललाय. ते दोन आलेख आणि कांडीविना घेतलेला तिसरा, असे तिन्ही मला पाठव.

सस्नेह