‘आधी मी जाते, मग लेकीला नेते’

तुझा प्रश्न वाचला आणि दोन दिवस उत्तरच लिहिता येईना. लग्न जर्मन माणसाशी झालंय, तो बायर्नमध्ये, म्हणजे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात असतो, तू अजून कोल्हापुरात, पहिल्या लग्नाची सात वर्षांची मुलगी तुझ्याजवळ. आणि विचारतेस, ‘ताई, स्पाउस व्हिसावर आधी मी एकटी जाऊन बस्तान बसवू आणि आठ-दहा महिन्यांनी हिला नेऊ, की दोघींनी बरोबरच जावं? आणि तिकडे फार एकटं वाटतं का?’

ताई म्हणालीस म्हणून मोकळं लिहिते. उत्तर लांबणार आहे.

कागदांची यादी मी सांगणार नाही. ती वकिलातीच्या साइटवर आहे, छापून घे आणि एकेकावर टिक करत जा. ए-वनची, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पायरीची परीक्षा तुला द्यावी लागेल हे तुला माहीतच असेल. मुलीला नाही, सोळाच्या आतल्या पोरांना भाषेचा दाखला लागत नाही. परीक्षा सोपी आहे. फक्त ऐकण्याच्या भागात रेल्वे स्टेशनवरची घोषणा लावतात तेव्हा आपण पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात बसलोय हे विसरायला होतं, आणि गाडी सुटल्यासारखा घाम फुटतो.

साइटवर जे नाही ते सांगते. पहिलं म्हणजे नाव.

आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. आपल्याला यात काही वेगळं वाटत नाही. जर्मन फॉर्मवर मधल्या नावाला जागाच नाही. तिथे आडनाव आणि ‘फोरनामेन’, म्हणजे स्वतःची नावं, एक किंवा अनेक. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात दोन शब्द असतील तर दोन्ही तुझीच नावं. माझ्या विमा कार्डावर गेली दहा वर्षं माझं दुसरं नाव दत्तात्रय आहे, म्हणजे माझ्या वडिलांचं, अण्णांचं. एकदा पार्सलवाला दारात उभा राहून ‘हेर दत्तात्रय’, म्हणजे श्रीयुत दत्तात्रय, घरी आहेत का विचारत होता. अण्णांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी ‘नाहीत’ म्हणाले आणि सही करून पार्सल घेतलं.

माझं हसण्यावारी गेलं. मुलाचं गेलं नाही. त्याच्या पासपोर्टवर मधलं नाव त्याच्या वडिलांचं. शाळेच्या पहिल्या आठवड्यात बाईंना वाटलं, हाक मारायचं नाव तेच. आठवडाभर त्या पोराला माझ्या आधीच्या नवऱ्याच्या नावाने हाक मारत होत्या, आणि हा ‘या, या’, म्हणजे जर्मनमध्ये ‘हो, हो’, म्हणत उठून उभा राहत होता. मला हे कळलं पालकसभेत. घरी येऊन विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाला, ‘चालेल की.’ तेव्हा तू मुलीच्या पासपोर्टचं आत्ताच बघ. बदलता येत असेल तर बदल, नसेल तर शाळेत पहिल्याच दिवशी हाक मारायचं नाव कागदावर लिहून दे.

दुसरं, अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का. एजंट सांगेल, जन्मदाखल्यावर दिल्लीचं अपोस्टिल मारून आणतो, काम झालं. ते अनेक देशांना चालतं, जर्मनीला नाही. भारत 2005 साली या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, त्यामुळे दोघांमध्ये तो शिक्का लागूच होत नाही. त्याऐवजी ते गरज वाटली तर कागदाची पडताळणी करवतात. म्हणजे भारतातला वकील खरंच नगरपालिकेत जाऊन जन्माचं रजिस्टर उघडून बघतो. खर्च आपला, आणि वेळ महिन्यांत मोजायचा. माझ्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा होता, कारण आमच्याकडे बारशाआधीच जन्म नोंदवून टाकायचे आणि पुढे नाव घालायला कोणी जायचं नाही. ‘श्री. दत्तात्रय यांस कन्या’ एवढीच माझी नोंद. ती नीट करायला तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत तिथला कारकून म्हणाला, ‘ताई, चाळीस वर्षं बिननावाच्या चालल्यात, आता काय घाई?’ सदतीस, मी म्हटलं.

तिसरं, घटस्फोटाचा हुकूमनामा. तो मराठीत असेल तर भाषांतरकार आत्ताच शोध. मराठीवरून थेट जर्मन करणारे शपथबद्ध लोक फार थोडे, आणि तिकडे पैसे ओळीवर मोजतात. आमचा घटस्फोट परस्पर संमतीचा, त्यामुळे अटी-शर्तींच्या मागे परत केलेल्या वस्तूंची यादी जोडलेली. स्टीलची ताटं सहा, वाट्या बारा, पितळी समई एक, शिलाई मशीन पायांचं एक. भाषांतर करणाऱ्या बाईंनी समईसाठी मला दोनदा ईमेल केला. मी युरो मोजून माझ्या मोडलेल्या संसाराची भांडी जर्मनमध्ये करून घेतली. ते पान आजही फाईलमध्ये आहे. ती समई मात्र आईकडे आहे, वापरात.

एक गोष्ट नव्या नवरीला सांगू नये अशी आहे, तरी सांगते. तुझा तिथे राहायचा हक्क सुरुवातीला लग्नावर उभा असतो. साधारणपणे तीन वर्षं तिथे एकत्र संसार झाला की तो स्वतंत्र होतो. मारहाण वगैरे असेल तर त्याआधीही, पण ते सिद्ध करत बसावं लागतं. माझा नवरा सज्जन आहे, तुझाही असेल. तरी ती तारीख डायरीत लिहून ठेव. मी लिहून ठेवली होती. त्याला दाखवली नव्हती. काम मात्र पहिल्या दिवसापासून करता येतं, ते करच. सहाशे तासांचा भाषेचा कोर्स संपायची वाट बघू नकोस.

एकटेपणाचं विचारलंस. वाटतं. रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा जास्त. सवय होते. पुढे.

आता तुझा खरा प्रश्न.

मी आधी एकटी गेले. 2015 च्या एप्रिलमध्ये. मुलगा आठ वर्षांचा होता, त्याला आईकडे साताऱ्याला ठेवलं. सहा महिन्यांत नेते म्हणाले होते, लागले सोळा महिने. भाषेच्या वर्गाला साडेबाराला सुट्टी व्हायची. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे तिकडे पाच वाजलेले, तो शाळेतून येऊन दूध-बिस्किट खात असायचा. मी लोकविद्यालयाच्या, म्हणजे वर्ग भरायचा त्या इमारतीच्या, जिन्यात हीटरला पाठ टेकून फोन लावायचे. रोज त्याचा पहिला प्रश्न एकच, ‘तिथे किती वाजले?’ मी सांगायचे. मग म्हणायचा, ‘अजून तुझं जेवणच व्हायचंय,’ आणि फोन आजीकडे द्यायचा.

2016 च्या ऑगस्टमध्ये तो आला. साताऱ्यात चौथी झालेली, वय साडेनऊ, म्हणून इथे पुन्हा चौथीतच घातलं. आणि बायर्नमध्ये चौथी म्हणजे काय, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. चौथीच्या शेवटी पोरांची वाटणी होते. मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रमाणपत्र येतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, 2.66 पर्यंत रेआलशूल, म्हणजे मधली, बाकी मिटेलशूल, म्हणजे हातच्या कामधंद्याकडे नेणारी. इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे नापास, हे ध्यानात ठेवून वाच. दहा वर्षांच्या पोराच्या आयुष्याचा फाटा तीन आकड्यांवर.

आमच्याला गणितात एक, परिसरात तीन, जर्मनमध्ये पाच. सरासरी 3.00. भाषा कानावर पडून आठ-नऊ महिने झालेले. बाई वाईट नव्हत्या. आदल्या वर्षी सिरियातून, अफगाणिस्तानातून पोरं आलेली, वर्ग भरलेले, त्यांचाही जीव मेटाकुटीला आलेला. त्या म्हणाल्या, मिटेलशूलच बरी, मुलावर ताण नको. मी मान हलवली. माझं जर्मन तेव्हा मान हलवण्याएवढंच होतं.

दोन वर्षांनी खालच्या मजल्यावरच्या तुर्की बाई कपडे वाळत घालताना सहज म्हणाल्या, अगं, पण परकी मातृभाषा असलेल्या आणि इथे पहिलीपासून नसलेल्या मुलांना तर 3.33 पर्यंत विचारात घेता येतं की! जर्मनची कमजोरी भरून निघण्यासारखी आहे असं शाळेला वाटलं तर. नियमातच आहे. घरी येऊन नियम शोधला. होता. ‘घेता येतं’ असाच होता, ‘घ्यावंच’ असा नाही, तेवढं मी प्रामाणिकपणे सांगते. पण विचारलं तर पाहिजे ना कोणीतरी? शाळेने सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि गणितात एक मिळवणारं पोर मिटेलशूलला गेलं.

तिथे त्याचं काही वाईट झालं नाही. दहावी नीट झाली, आता मेकॅट्रॉनिक्सचं, म्हणजे यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्हीचं, आउसबिल्डुंग करतोय, म्हणजे काम करत शिकायचं प्रशिक्षण, साडेतीन वर्षांचं. पगार मिळतो, सकाळी साडेपाचला स्वतः उठतो, माझं वॉशिंग मशीन त्यानेच दुरुस्त केलं. हे सगळं मला पटतं. तरी साताऱ्याहून फोन येतो, ‘काय करतो गं सध्या?’ तेव्हा मी ‘मेकॅट्रॉनिक्स’ म्हणते आणि तिथेच थांबते. समोरचा ‘म्हणजे इंजिनिअरिंगला का, वा!’ म्हणतो. मी दुरुस्त करत नाही. आपल्याकडे आयटीआय म्हटलं की तोंड कसं होतं ते तुलाही माहीत आहे. पोराला याची लाज नाही, मला आहे.

माझा हिशोब असा की तो 2015 मध्येच माझ्याबरोबर आला असता तर आणखी एक अख्खं वर्ष मिळालं असतं, तिसरीचं. जर्मनमध्ये पाचाचा चार झाला असता, कदाचित तीन. हा हिशोब मी रात्री करते. तू विचारलंस म्हणून परवा पुन्हा केला.

आणि आता जे लिहिणार आहे ते मी नवऱ्यालाही अर्धवटच सांगितलंय. सोळा महिने का लागले, असं कोणी विचारलं की मी कागदांवर ढकलते. मुलासाठी त्याच्या वडिलांची संमती लागते, ती वेळेत आली नाही, घर लहान होतं, व्हिसाला लागणारे चौरस मीटर भरत नव्हते. घर लहान होतं हे खरं. पण ते पुढेही तेवढंच होतं, आणि त्याच घरात तो आला. संमती मात्र आली होती. त्याच्या वडिलांनी कुरकुर न करता नोटरीसमोर सही करून दिली होती, माझा अर्ज जायच्या आधी. माझ्या अर्जाबरोबरच त्याचाही टाकता आला असता. मी टाकला नाही.

का? आधी बघून येऊ म्हणून. पुन्हा फसले तर पोराची फरपट नको म्हणून. हे कारण चांगलं आहे, आणि खरंही आहे. पण ते सगळं नाही. मी एकोणतीसची असताना आई झाले होते आणि बत्तिशीत एकटी पडले होते. नवं लग्न होतं. मला काही महिने कोणाची आई न होता राहायचं होतं. सकाळी उशिरा उठायचं होतं. नवऱ्याबरोबर नदीकाठी सायकलवर जायचं होतं, परत येताना डबा करायची घाई नको होती. ते महिने छान गेले, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. दुपारी त्या जिन्यात रडायचे आणि संध्याकाळी सायकलवर हसत असायचे, दोन्ही एकाच दिवशी.

म्हणून तू ‘आधी मी बस्तान बसवते’ लिहिलंस तेव्हा मला ते वाक्य ओळखीचं वाटलं. तुझं कारण तेच असेल असं मी म्हणत नाही. पण बस्तान वगैरे काही आधी बसत नाही गं. तुझी लेक पहिली-दुसरीत तिथल्या वर्गात जाऊन बसली तर चौथीपर्यंत भाषा तिच्या तोंडात रुळेल. शिवाय ती आल्यावर तुझं बस्तान नव्यानेच मोडणार आणि नव्यानेच बसणार, मग एकदाच का नाही? तुझ्या नवऱ्याला पगाराच्या स्लिपा आणि घराचा करार तिच्यासाठीही द्यायला सांग. सावत्र मुलीसाठी ते बघतात. आणि वडिलांची संमती असेल तर ती आत्ता, भांडण नसताना घेऊन ठेव.

गेल्या महिन्यात मुलगा जर्मन नागरिकत्वासाठी कागद गोळा करत होता. जर्मनीने आता दोन पासपोर्टना परवानगी दिलीय, आपल्या देशाची नाही, त्यामुळे भारताचा सोडावा लागणार. त्यावर आमची चार दिवस धुसफूस चाललीय, तो विषय वेगळा. जन्मदाखला शोधायला त्याने जुनी निळी फाईल जमिनीवर पसरली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. एक प्लॅस्टिकचा कप्पा उघडून त्याने कागद काढला, वाचला. वडिलांची सही, नोटरीचा लाल शिक्का, आणि शिक्क्यात तारीख, फेब्रुवारी 2015. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो, तारीख वाचायला नाही.

‘ही लागते का?’ म्हणाला.

मी म्हटलं, नाही लागत.

त्याने कागद परत कप्प्यात सरकवला, कडा जुळवून, आणि जन्मदाखला शोधत बसला.

अपॉइंटमेंटची तारीख मिळाली की कळव. दोघींची एकाच दिवसाची घे.