मोटरहोम, पेलोड आणि क्लबची भानगड: वाचकांचे प्रश्न

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना सध्या मोटरहोमचं (बेड-किचन असलेल्या चालत्या घराचं) वेड लागलंय असं दिसतंय, कारण प्रश्न धो धो आलेत. जे पुन्हा पुन्हा येतायत ते आज घेते.

ताई, इथली टेस्ट मी 2019 ला पास झालो, साधं कारचं लायसन्स आहे. साडेसात मीटर लांब मोटरहोम चालवायला वेगळं लायसन्स लागतं असं बायको म्हणते. खरंय का? (रेडिंग)

लांबीशी काही संबंध नाही हो, सगळा खेळ वजनाचा आहे. 1 जानेवारी 1997 ला किंवा त्यानंतर टेस्ट पास झालेल्यांना बी कॅटेगरी मिळते, त्यावर 3500 किलोपर्यंतचं मोटरहोम चालतं, आणि हे 3500 म्हणजे रिकाम्या गाडीचं नाही तर कागदावर लिहिलेलं भरलेल्या गाडीचं कमाल वजन. त्याआधी इथे पास झालेल्या जुन्या मंडळींकडे सी1 असतं, त्यांना 7500 किलोपर्यंत मुभा, फक्त वयाच्या सत्तरीला ते टिकवायचं तर मेडिकल करून फॉर्म भरावे लागतात. आपल्यातले बहुतेक जण नंतर आलेले, म्हणजे आपली मर्यादा साडेतीन टन.

आणि खरी गोची पुढे आहे. शोरूममध्ये सगळे किचन बघतात, बेड दाबून बघतात, पेलोड, म्हणजे गाडीत किती वजन भरता येतं, ते कोणी विचारत नाही. समजा कमाल वजन 3500 आणि गाडीचं स्वतःचं वजन 3080 लिहिलंय, म्हणजे हातात 420 किलो. ड्रायव्हरचे 75 किलो आणि बहुतेक डिझेल त्या 3080 मध्ये धरलेलं असतं, पण बाकी माणसं नाही. बायको आणि दोन मुलं मिळून 130 गेले, उरले 290. शंभर लिटर पाणी भरलं की 100 किलो, उरले 190 (काही कंपन्या थोडं पाणी आधीच धरतात, तेवढं विचारून घ्या). ऑनिंग (दाराबाहेर उघडायचं छप्पर) आणि जास्तीची बॅटरी धरा 55, सायकली आणि रॅक 60. राहिले 75, आणि अजून कपडे, गाद्या, खुर्च्या, किराणा, कुकर, तव्यासकट सगळं यायचंय! मागे रॅकवर लटकवलेलं वजन तर मागच्या अ‍ॅक्सलवर आणखी जोरात पडतं, त्यामुळे एकूण वजन बसलं तरी अ‍ॅक्सलची मर्यादा ओलांडू शकते. पहिल्या ट्रिपच्या आधी सगळं भरून, माणसांसकट, सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी घेऊन जा. जास्त भरलं तर दंड होतो, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले काय म्हणतील ते वेगळंच. पाणी घरून भरून न्यायचं कारणच नाही, कॅम्पसाइटवर नळ असतो.

आम्ही चौघं आणि उन्हाळ्यात आई-बाबा येतात, सहा जण झोपतील असं मोटरहोम बघितलंय. घेऊ का? (मिल्टन कीन्स)

सहा जण झोपतील, पण सहा जण बसून प्रवास करतील का? बेड किती आणि बेल्ट असलेल्या सीट किती हे दोन वेगळे आकडे असतात, आणि सहा बेड पण चारच बेल्ट अशी गाडी सर्रास मिळते. आडव्या, बाजूला तोंड असलेल्या सीटवर मुलांची कार सीट बसवायला परवानगी नाही, आणि 12 वर्षं किंवा 135 सेंटीमीटर, जे आधी होईल तोपर्यंत मुलांना कार सीट लागते. सहा माणसं म्हटल्यावर वरचं वजनाचं गणितही कोलमडतं. माझं मत विचाराल तर चार बेल्टची गाडी घ्या, आणि आई-बाबा असतील तेव्हा सोबत कार काढा. वर्षातल्या दीड महिन्यासाठी बाकी साडेदहा महिने मोठी गाडी सांभाळू नका. बाबांना रात्री उठावं लागत असेल तर वरच्या बेडच्या शिडीचाही विचार करा, ब्रोशरमध्ये शिडीवर कायम विशीतली पोरंच असतात.

मोटरहोम-कॅम्पिंगवाल्यांचे दोन मोठे क्लब आहेत, दोन्हीत सगळं सारखंच वाटतंय. कोणत्यात पैसे भरायचे? (लीड्स)

दुरून सारखेच दिसतात, मान्य. पण मुळं वेगळी आहेत. कॅम्पिंग अँड कॅरॅव्हनिंग क्लब 1901 पासूनचा, सायकलवर तंबू बांधून फिरणाऱ्यांनी काढलेला, त्यामुळे तंबूवाल्यांना तिथे आजही घरच्यासारखं वाटतं. दुसरा 1907 चा कॅरॅव्हन क्लब, 2017 मध्ये त्याने नाव बदलून कॅरॅव्हन अँड मोटरहोम क्लब केलं. तिथेही काही साइटवर तंबू चालतात, पण मूळ जीव गाड्यांमध्ये. म्हणून मुलांना मोटरहोमशेजारी स्वतःचा तंबू ठोकायची हौस असेल तर पहिल्याकडे झुका.

मोठ्या क्लब साइट्सपैकी बऱ्याच ठिकाणी मेंबर नसलात तरी जागा मिळते, फक्त रात्रीमागे जास्त पैसे घेतात. त्यामुळे साधा हिशोब करा, वर्षाला किती रात्री जाणार, त्याला जास्तीच्या पैशांनी गुणा, आणि मेंबरशिपच्या फीशी ताडून बघा. दोन-तीन वीकेंडच जाणार असाल तर कदाचित फी निघणारही नाही.

पण खरी मजा मोठ्या साइटवर नाहीच. 1960 च्या कायद्यातल्या एका सवलतीमुळे हे क्लब शेतकऱ्यांना वगैरे पाच गाड्यांपुरती छोटी साइट चालवायचं सर्टिफिकेट देऊ शकतात. कॅरॅव्हन अँड मोटरहोम क्लबमध्ये त्याला सीएल (सर्टिफिकेटेड लोकेशन) म्हणतात, दुसऱ्यात सीएस (सर्टिफिकेटेड साइट), आणि या साइट्स मेंबरांसाठीच असतात. कुठे फक्त नळ आणि टॉयलेटची कॅसेट (खालची मैल्याची टाकी) रिकामी करायची जागा, कुठे वीज, कुठे शॉवरही. शेताच्या कडेला चार-पाच गाड्या, ना रिसेप्शन ना गोंगाट. मला विचाराल तर मेंबरशिप घ्यायची ती यासाठीच. मग निवड सोपी होते: नकाशा उघडा, घरापासून दीड-दोन तासांच्या आतल्या दोन्ही क्लबच्या छोट्या साइट्स बघा, जिथे तुमच्या आवडीच्या भागात जास्त आहेत तो क्लब. बाकी मासिकं, डिस्काउंट कार्डं, ते सगळं वरचं तूप.

एकटं एकटं वाटतं म्हणाल तर दोन्ही क्लबचे स्थानिक गट आहेत, ते एखादं मैदान घेऊन वीकेंडला जमतात, सोयी कमी पण स्वस्त, आणि गाडीबद्दल काहीही विचारलं तर चार जण टूलबॉक्स घेऊन हजर. फक्त मोटरहोमवाल्यांचा मोटर कॅरॅव्हनर्स क्लब पण आहे, 1960 पासून, तिथेही अशा भेटींवर भर असतो.

स्कॉटलंडमध्ये वाइल्ड कॅम्पिंग कायदेशीर आहे ना, मग क्लब कशाला? (ग्लासगो)

तंबूसाठी आहे, गाडीसाठी नाही. 2003 च्या लँड रिफॉर्म कायद्याने जो फिरण्याचा हक्क दिलाय त्यात मोटारगाड्या येतच नाहीत, आणि इंग्लंडमध्ये तर जागामालकाला विचारल्याशिवाय नकोच. कोणी हाकलत नाही म्हणजे हक्क आहे असं नसतं. आणि कॅसेट कुठे रिकामी करणार? नॉर्थ कोस्ट 500 वर (उत्तर स्कॉटलंडचा तो प्रसिद्ध फिरायचा रस्ता) लोक वैतागलेत ते याच कारणाने.

साइटवर हुकअप (विजेची जोडणी) लावला, हीटर आणि किटली एकदम चालू केली की लाइट जाते. वायरिंग खराब आहे का? (लेस्टर)

नाही हो, बहुतेक गणित आहे. साइटवरचा पॉइंट बरेचदा 10 अँपिअरचा असतो, 230 व्होल्टला गुणलं तर 2300 वॅट, बास. घरातली किटली एकटीच 3000 वॅटची, इंडक्शन 2000 च्या आसपास, मग ट्रिप होणारच. कमी वॅटची छोटी किटली घ्या, किंवा गॅसवर पाणी तापवा. 16 अँपिअर मिळाला तर 3680 वॅट, थोडं सुटसुटीत. गॅसचं म्हणाल तर थंडीत ब्यूटेन नको, शून्याच्या आसपास त्याचा गॅसच होत नाही, प्रोपेन उणे 42 पर्यंत होतो. आणि कुकरच्या चार शिट्या काढायच्या असतील तर छताची खिडकी उघडी ठेवा, वाफ भिंतीत मुरली की पुढच्या प्रश्नातली डोकेदुखी तुमच्या गाडीत सुरू.

दहा-बारा वर्षं जुनी गाडी बघायला जातोय, नेमकं काय बघू? (स्लाव)

ओल. आधी ओल, मग बाकी सगळं. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेली भिंत खिसा रिकामा करते. कोपरे, खिडक्यांच्या खाली, छताच्या सांध्यापाशी, शॉवरमागे हाताने दाबून बघा, मऊ लागलं किंवा कुबट वास आला तर सावध. ओल मोजायचं मीटर मिळतं, 15 टक्क्यांच्या आत असेल तर साधारण ठीक, 20 च्या वर गेलं तर नीट चौकशी. एअर फ्रेशनर जोरात मारलेला असेल तर मी तरी अजून निरखून बघेन.

मग टायर. नक्षी छान दिसते कारण गाडी उभीच असते, पण रबर वयाने मरतं. बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. टायमिंग बेल्ट नुसत्या किलोमीटरवर नाही तर वर्षांवरही बदलावा लागतो, त्याचं बिल मागा. गाडीवर कर्ज बाकी नाही ना तेही तपासा.

एमओटी (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे का याची वार्षिक तपासणी) आहे म्हणून खूश होऊ नका, ती फक्त गाडीची, आतल्या घराची नाही. गॅस, वीज, पाणी, ओल या सगळ्याची हॅबिटेशन चेक वेगळी होते आणि दरवर्षी करतात. दोन्ही क्लब आणि नॅशनल कॅरॅव्हन काउन्सिल मिळून अप्रूव्ह्ड वर्कशॉपची यादी ठेवतात, त्यातला एखादा मेकॅनिक घेऊन जा किंवा गाडी त्याच्याकडे न्यायची परवानगी मागा. खर्च तुमचाच म्हटल्यावरही विकणारा आढेवेढे घेत असेल तर टोकन न देता घरी या.